कितव्या वेताची?

कोल्हापुरात जनावरातली माणसं म्हणून एक जमात आहे. ती लग्नाकार्याला येतात, मतदान करतात, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहतात. पण त्यांचं चित्त तिथं नसतं. रस्त्यानं जाताना कुणाचीही म्हैस दिसली की पाय आपोआप थांबतात. चार पावलं मागं सरून आधी पुठ्ठा बघायचा, मग कास, मग शिंगांवरची वलयं आणि शेवटी मालकाला न विचारता जबडा उघडून दात. मालक रागावत नाही, कारण तोही त्याच जमातीतला. मग प्रश्न येतो, "कितव्या वेताची?" तिथून पुढं अर्धा तास दोघंही या जगात नसतात.

आमचे सासरे या जमातीचे मानकरी. गल्ली त्यांना आण्णा म्हणते, मी मामा म्हणतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर त्यांच्या म्हशी उभ्या असतात. ज्यानं तो कट्टा पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही. भर रस्त्याकडेला, रिक्षांच्या भोंग्यांत म्हैस उभी. गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार पडते आणि मिशीला लागलेला फेस पुसत ते कामाला जातं. उकळणं नाही, साखर नाही. हे काम पंढरपुरी म्हशीचं. भरल्या बाजारात, दिवसातून चार वेळा, थोडा थोडा पान्हा सोडायला ती कुरकुरत नाही. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं, 1912 साली ते पुरं झालं, गावात तालमी फोफावल्या आणि पैलवानांना धारोष्ण दूध लागलं म्हणून हे कट्टे वाढले, असं शिकलेली माणसं सांगतात. मामांच्या मते क्रम उलटा आहे. दूध होतं म्हणून तालमी निघाल्या.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा शिक्षण, पगार, पुण्यात फ्लॅट आहे का, हे सगळं मामींनीच विचारलं. मामा कोपऱ्यात बसून नुसते बघत होते. निघताना मी उंबऱ्यापर्यंत चालत गेलो तेवढ्यात ते मामींच्या कानात काहीतरी बोलले. ते काय होतं हे लग्नानंतर बायकोनं सांगितलं. "चाल बरी हाय. दात दाखवत न्हाई, तेवढं बगून घे."

आम्ही ब्रिस्बेनला आलो, नात झाली, ती शाळेत जायला लागली, तरी मामा काही येत नव्हते. कधी एक म्हैस गाभण, कधी दुसरी नुकती व्यालेली, कधी तिसरी माजावर यायची वाट बघणं चाललेलं. अखेर एका वर्षी बहुतेक म्हशी एकदम आटल्या आणि दावण धाकट्या भावाच्या स्वाधीन करून ते मामींसह विमानात बसले. "भाकड काळात यायलोय," असं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हशींबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, हे कळलं नाही.

ऑस्ट्रेलियात उतरताना एक कार्ड भरावं लागतं. त्यात एक प्रश्न असा असतो की गेल्या तीस दिवसांत तुम्ही शेतावर गेला होता का, जनावरांच्या संपर्कात आला होता का. शेजारच्या प्रवाशानं मामांना तो वाचून दाखवला आणि 'नाही' वर खूण करा म्हणून सल्ला दिला. मामांना तो अपमान वाटला. "तीस दिवस? साठ वर्सं म्हणून लिवा." साहजिकच त्यांना बाजूला घेतलं. अंगावर लेंगा, डोक्याला टोपी, पायात कापशीच्या कारागिरानं बांधलेल्या करकरत्या वहाणा. अधिकाऱ्यानं त्या वहाणा उलट्या करून तळ बघितले, भिंग लावल्यासारखे बघितले, आत नेल्या आणि धुऊन आणून दिल्या. आम्ही बाहेर काळजीत. मामा बाहेर आले ते भारावून.

"पाव्हणं, ह्यांच्याकडं लाळ्या-खुरकूत न्हाई म्हनं."

खरंच नाही. 1872 नंतर त्या देशात लाळ्या-खुरकूत झालेली नाही आणि ती पुन्हा येऊ नये म्हणूनच कोल्हापुरी वहाणेच्या तळाला चिकटलेल्या शेणाचीही तिथं चौकशी होते. ज्यानं लसीच्या तारखा कॅलेंडरवर तांबड्या शाईनं लिहिण्यात आयुष्य काढलं त्याला हे ऐकून काय वाटलं असेल, हे माझ्यासारख्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून दूध ओतणाऱ्याला कळणार नाही. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आमच्या वहानंची एवढी चवकशी आमच्या गावात कुनी केली न्हवती."

त्या प्लॅस्टिकच्या कॅनबद्दल मात्र त्यांचं मत लगेच तयार झालं. त्यावर साडेतीनच्या आसपास फॅट लिहिलेली असते. घरी सातच्या खाली फॅट लागली तर म्हशीची तब्येत बघायला धावणारा माणूस. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "दूध न्हाई हे. भांडं इसळलेलं पानी." पुढं ते ब्रिस्बेनमध्ये कोरा चहा प्यायला लागले आणि आम्हालाही अपराध्यासारखं वाटायला लागलं.

त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न होता. समुद्रकिनारा बघून ते म्हणाले, "वाळू हाय." उंच इमारती बघून काहीच म्हणाले नाहीत. मग नातीनं ठरवलं की आजोबांना लोन पाइनला न्यायचं. नातीला मामा 'बारकी' म्हणतात. ती ब्रिस्बेनमध्ये जन्मली असली तरी कोल्हापूरला दोन सुट्ट्या काढल्यामुळं तिची मराठी फार मजेशीर आहे. ती प्रश्न आमच्यासारखे विचारते आणि भांडते गंगावेशीसारखं.

लोन पाइन हे ब्रिस्बेन नदीच्या काठावरचं कोआलांचं अभयारण्य. मामांच्या डोक्यात अभयारण्य म्हणजे दाजीपूर. राधानगरी-दाजीपूरचं जंगल 1958 साली गव्यांसाठी राखलं गेलं, राज्यातलं पहिलं. तिथं आपण पहाटे उठून जातो, जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतो, गव्याचं शेण बघतो, खुरांचे ठसे बघतो आणि गवा बघतो तो परत येताना हॉटेलच्या पाटीवर. त्यामुळं फाटकातून आत शिरल्या शिरल्या झाडाच्या बेचक्यात हाताच्या अंतरावर कोआला बसलेला दिसला तेव्हा मामांना त्यात लबाडी वाटली.

"बांधलाय काय?"

"न्हाई आजोबा, झोपलाय. तो दिवसात अठरा-वीस तास झोपतो."

"आजारी हाय?"

आजारी नव्हता. निलगिरीच्या पानात जीव धरण्याएवढंच सत्त्व असतं, वर विषारी द्रव्यं. ती पचवता पचवता बाकी काही करायला ताकद उरत नाही, म्हणून झोप. बारकीनं हे शाळेत शिकलेलं सगळं सांगितलं. मामांनी खाली पडलेलं पान उचलून चुरगाळलं, वास घेतला आणि त्यांना आमच्याकडचे माळ आठवले. सामाजिक वनीकरणाच्या दिवसांत गावोगावच्या माळांवर हीच निलगिरी आणि हीच ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. "शेळी सुदिक तोंड लावत न्हाई ह्याला. ह्यातली चार जोड्या आमच्याकडं लावून द्या म्हनावं. माळ मोकळा हुईल." आणि मग, थोडं थांबून: "पर पानी कमी लागतंय म्हनून लावलं म्हनत हुते, आनि हिरी आटल्या." निलगिरीबद्दलचा सबंध वाद त्यांनी कोआलासमोर दोन वाक्यांत आटोपला.

खरं तर मामांना कोआला कडेवर घ्यायचा होता. गल्लीतल्या कुणाच्या तरी मुलानं पूर्वी तसा काढून पाठवलेला फोटो कट्ट्यावर सगळ्यांनी पाहिला होता. क्वीन्सलँडमध्ये याला परवानगी होती, आणि लोन पाइनला तर त्यासाठी जगभरची माणसं यायची. पण 2024 साली तिथं कोआला हातात द्यायचं बंद केलं. आता शेजारी उभं राहून बघायचं. हे मामांना कसं सांगायचं म्हणून मी चाचरत होतो. बारकीनं सरळ सांगून टाकलं. मामा जराही नाराज झाले नाहीत.

"बरोबर हाय त्येंचं. परक्यानं हात लावला की जनावर पान्हा चोरतंय."

मी म्हटलं, "मामा, हा नर आहे."

"मग आनिकच वंगाळ."

हे ठिकाण 1927 साली सुरू झालं, जॅक आणि जिल नावाच्या दोन कोआलांवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड सरकारनं कातड्यासाठी कोआला मारायला महिनाभर मोकळीक दिली होती आणि पाच लाखांहून जास्त मारले गेले. पाटीवरचा इतिहास मी भाषांतर करून सांगत होतो. मामांचं लक्ष मात्र एका मादीच्या पाठीवर बसलेल्या पिल्लाकडं होतं. बारकीनं त्यांना खालच्या आवाजात सांगितलं, की कोआलाची आई दूध सोडायच्या सुमाराला पिल्लाला स्वतःची एक मऊ, वेगळी विष्ठा खायला घालते. आपण शी म्हणून तोंड फिरवतो. मामांनी मान डोलावली. निलगिरी पचवणारे जंतू आईच्या पोटातून पिल्लाच्या पोटात असेच जातात, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "म्हशीनं रवंथ टाकला की आमी दुसरीच्या तोंडातला घास काडून तिला देतोय की. त्येच हे."

मग आम्ही कांगारूंच्या कुरणात गेलो. तिथं शंभराहून जास्त कांगारू मोकळे असतात. फाटक ढकलून आपण त्यांच्यात शिरायचं, पिशवीतलं खाद्य तळहातावर धरायचं, यायचे ते येतात. खाद्याची पिशवी मामांच्या हातात दिली. त्यांनी दोन गोळ्या काढल्या, नखानं फोडल्या, आणि आजूबाजूच्या जपानी कुटुंबाला धक्का देत तोंडात टाकल्या. चघळल्या. थुंकल्या.

"मका हाय. सरकी न्हाई. कोंडाबी हलका." पिशवी त्यांनी बारकीकडं दिली. निकृष्ट पेंड आपल्या हातानं घालायची नाही, हा त्यांचा बाणा.

कांगारू सावलीत आडवे झाले होते. मामा त्यांच्यामधून सावकाश फिरत होते, हात मागं बांधून, म्हशींच्या बाजारात फिरावं तसे. मागचे पाय बघितले, शेपटीचं मूळ बघितलं. एका नरानं शेपटीवर सगळा भार टाकून दुसऱ्याला दोन्ही पायांनी लाथ घातली तेव्हा मात्र त्यांच्यातला खासबागचा प्रेक्षक जागा झाला. "ए, ए! शेपटीचा टेकू घेऊन लाथ? ही कुस्ती न्हवं!" कांगारूला शेपटी हा पाचवा पायच असतो, हळू चालताना तर ती पुढच्या पायांपेक्षा जास्त जोर लावते, असं मी म्हटलं. पंच म्हणून त्यांना ते पटणारं नव्हतं.

आणि तेवढ्यात ते एकदम थांबले.

एक करडी मादी लिंबाएवढ्या सावलीच्या झाडाला टेकून उभी होती. तिच्या पोटाखालून दोन लांब, बारीक, काळसर पाय बाहेर आले होते. नुसते पाय. डोकं नाही, धड नाही. पाय मधूनच झटका देत होते. मामांनी ते पाहिलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि बाह्या कोपराच्या वर सरकवल्या.

"पाव्हणं, गरम पानी बगा. आनि गोडं तेल."

"कशाला मामा?"

"पायाळू आलंय. मागचं पाय भाईर हायत, डोस्कं आत. लई येळ झालेला दिसतोय. ही पोरगी उबी कशी हाय हेच कळंना."

त्यांनी आयुष्यात किती अडलेल्या म्हशी सोडवल्या असतील याची गणती नाही. मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात, पावसात, डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नसताना. त्यामुळं त्यांचा चेहरा आता थट्टेचा नव्हता. ते गुडघ्यावर बसले, तोंडानं तोच तो 'हो, हो, बाई, हो' असा सूर काढला आणि हात पुढं केला. मादीनं त्यांच्याकडं बघितलं. पळाली नाही. हे मला अजूनही नवल वाटतं. मात्र तिकडून खाकी चड्डीतली एक बाई हात हलवत, काहीतरी ओरडत धावत आली. बारकी तिच्यापुढं उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, की माझे आजोबा म्हशींचे डॉक्टर आहेत आणि बाळ उलटं आलंय.

बाई थबकली. मग तिनं पोट धरलं आणि हसायला लागली, आणि हसता हसता मामांच्या शेजारी गवतात बसली.

बाळ उलटं आलं नव्हतं. ते जन्मून कित्येक महिने झाले होते. घाबरलं की, नाही तर नुसतंच मनात आलं की, ते आईच्या पिशवीत सूर मारतं, डोकं आधी, आणि आत गिरकी घेऊन सरळ होईपर्यंत पाय बाहेर लोंबत राहतात. आमच्यासमोरच पिशवी हलली, पाय गेले आणि तिथं कान, मग दोन डोळे वर आले. मामा काही वेळ त्या डोळ्यांकडं बघत राहिले. बाह्या खाली करायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हंजे व्याली कदी?"

इथून पुढं जे झालं त्यात मी आणि बारकी फक्त दुभाषे होतो. बाईनं सांगितलं, की कांगारूची मादी सव्वा महिन्यात विते. मामांनी हात झटकला. म्हैस दहा महिने घेते. मग बाईनं बोटांत अंतर धरून दाखवलं, की जन्मलेलं पिल्लू एवढंच, दोन सेंटिमीटरचं, वजन एक ग्रॅमच्या आत, आंधळं, बिनकेसांचं. ते पुढच्या दोन पायांनी आईच्या पोटावरची लव धरून स्वतःच वर चढतं, पिशवीत शिरतं आणि एक सड तोंडात घेतं. सड त्याच्या तोंडात फुगतो, त्यामुळं ते महिनोन्‌महिने सुटत नाही. म्हणजे गर्भारपण आधी थोडं पोटात आणि मग पुष्कळसं पिशवीत.

"सड किती?"

"चार."

"म्हशीएवडंच की," मामा समाधानानं म्हणाले. ओळखीचा आकडा सापडल्यावर त्यांची गाडी रुळावर आली. "आनि ते पोरगं कुनाचं?" एक मोठं, उंच पिल्लू मघापासून बाजूला चरत होतं. ते आलं, आईच्या पिशवीत नुसतं तोंड घातलं आणि उभ्याउभ्या पिऊ लागलं.

"तेही हिचंच. आधीचं."

"दोगं एकदम पित्यात?"

पितात, आणि वेगवेगळं पितात. हे बाई सांगत होती आणि मी भाषांतर करत होतो, पण मामांच्या चेहऱ्याकडं बघून मीच अडखळलो. लहान पिल्लाच्या सडातून पातळ, साखरेचं, चरबी फार नसलेलं दूध येतं. मोठ्याच्या सडातून त्याच वेळी दाट, चरबीचं. एकाच आईच्या, एकाच कासेतून, एकाच वेळी दोन तऱ्हेचं दूध. मोठं पिल्लू चुकूनही धाकट्याच्या सडाला लागत नाही.

मामांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग बारकीकडून खात्री करून घेतली. मग ते उठले, लांब गेले, तंबाखूची डबी काढली, इथं चालत नाही हे आठवून परत ठेवली आणि परत आले.

"एका कासंत दोन फॅट?"

"हो."

"मग संस्थेत घालायचं कुटल्या खात्यावर?"

हा प्रश्न भाषांतर करणं मला जमलं नाही. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं, नमुना मशिनमध्ये जायचा, फॅट आणि एसएनएफ चिठ्ठीवर यायचे आणि त्यावर दर ठरायचा. गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं. गोकुळ दूध संघ 1963 साली निघाला तेव्हापासून या जिल्ह्याचा घरखर्च त्या चिठ्ठीवर चालतो. त्या सबंध व्यवस्थेला या प्राण्यानं सुरुंग लावला होता. "सेक्रेटरी येडा हुईल," मामा स्वतःशीच म्हणाले.

बाई आता रंगात आली होती. तिनं सांगितलं, की लाल कांगारूची मादी तर आणखी पुढं जाते. एक पिल्लू बाहेर, एक पिशवीत आणि तिसरा गर्भ पोटात थांबवून ठेवलेला. पिशवी रिकामी झाली की त्याची वाढ सुरू होते. फारच दुष्काळ पडला तर ती सगळंच थांबवते आणि पाऊस झाला की पुन्हा चालू. यावर मामा गवतात बसूनच राहिले. आमच्याकडं दुधाचा पुष्ट काळ आणि कृश काळ असतो. म्हशी बहुतेक पावसाळ्यानंतर वितात, उन्हाळ्यात दूध आटतं, लग्नसराई नेमकी तेव्हा, आणि बासुंदीच्या ऑर्डरी घेऊन माणसं दारात. उन्हाळ्यात वेत आणावं म्हणून किती पिढ्यांनी, किती डॉक्टरांनी डोकं फोडून घेतलं. आणि हिला ते आपोआप जमतं.

"हिला सांगितलं कुनी पाऊस आला म्हनून?" एवढंच त्यांनी विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही.

या बाईला दुधाचं एवढं कसं माहीत, हे थोड्या वेळानं कळलं. रस्त्यावर गाडीखाली कांगारू मेला की माणसं पिशवी तपासतात. आत पिल्लू जिवंत सापडलं तर परवाना असलेली माणसं ते घरी वाढवतात. ही त्यांतली. कापडाच्या पिशव्या शिवून दाराच्या मुठीला अडकवायच्या, रात्री उठून बाटली द्यायची. दूध साधं चालत नाही. ऑस्ट्रेलियात वॉम्बारू नावाची भुकटी मिळते, ती वयाप्रमाणं चार नंबरांची: 0.4 च्या आतली, 0.4, 0.6 आणि 0.7 च्या पुढची. पिशवीतल्या आयुष्याचा किती हिस्सा झाला, त्यावर नंबर. नंबर चुकला की पिल्लू हगवणीनं जातं.

हगवण म्हटल्यावर मामांनी तिला अडवलं. रेडकाला हगवण लागली तर काय करायचं ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. तिनं पिल्लाला बाटली कुठल्या कोनात धरायची ते दाखवलं. मामांनी दोन बोटं दुधात बुडवून रेडकाच्या तोंडात देण्याची तऱ्हा दाखवली, तीही कांगारूच्या चेहऱ्याशी नेऊन. दोघांची भाषा वेगळी होती आणि तासाभरानं दोघांनाही आमची गरज उरली नव्हती. बारकी कंटाळून आइस्क्रीम मागू लागली.

जाता जाता वॉम्बॅट बघितला. अस्वलाच्या पिल्लासारखा, बिळात राहणारा, हाही पिशवीवाला. माती उकरताना बाळाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून याच्या पिशवीचं तोंड मागं. पण मामांना पिशवीचं अप्रूप आता राहिलं नव्हतं. त्यांना शेण आवडलं. वॉम्बॅटचं शेण चौकोनी असतं, कोपरे असलेलं, ठोकळे. आतड्याच्या शेवटच्या भागात कुठं कडक, कुठं लवचीक भिंत, त्यामुळं ते तसं घडतं. मामींनी नाकाला पदर लावला. मामा वाकून बघत होते. आमच्याकडं पंचगंगेच्या घाटावर मयताला शेणी लागतात, होळीला लोक होळी लहान करून त्या दान करतात, आणि त्या शेण्या थापता थापता मामींच्या हातांच्या रेषा गेल्या आहेत.

"बगा," मामा मामींना म्हणाले, "तयार येतंय. थापायचं कामच न्हाई." मामी त्या दिवशी पुढं त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

परत येताना सामान घ्यायला सुपरमार्केटात थांबलो. मांसाच्या फडताळात, कोकराच्या आणि डुकराच्या ताटल्यांशेजारी कांगारूच्या मांसाची ताटली होती. इथं ते नेहमी मिळतं. मोकळ्या रानातल्या कांगारूंची संख्या काही कोटींत आहे, दरवर्षी सरकारनं ठरवलेल्या मर्यादेत शिकार होते, आणि गायीगुरांपेक्षा कांगारूच्या पोटातून मिथेन फार कमी निघतो म्हणून काही पर्यावरणवालेही तेच खा म्हणतात. हे सगळं मी मामांना सांगितलं. ते ताटलीवरचं चित्र बघत होते. रविवारी ज्यांच्या घरी तांबडा-पांढरा चुकत नाही, त्यांचा मटणाशी वाद असायचं कारण नव्हतं. खिशातून त्यांनी एक डॉलरचं नाणं काढलं. त्यावर पाच कांगारू असतात.

"ह्यो पैसा दिऊन हे इकत घ्यायचं?"

"हो. त्यांच्या राजमुद्रेवरसुद्धा कांगारू आहे, मामा. एका बाजूला तो, एका बाजूला इमू. दोन्ही खातात."

"ते खाऊ द्यात. दूध देनारं जनावर आपून खात न्हाई."

"आपण कुठं त्याचं दूध पितो?"

"आपून न्हाई पीत. त्येचं पोरगं पितंय न्हवं?"

"मग शेळी?"

"आपून बोकड खातोय," मामा म्हणाले आणि कांद्याच्या फडताळाकडं गेले.

कोल्हापूरला परतल्यावर कट्ट्यावर त्यांना काही दिवस भलतं महत्त्व आलं. गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून दोन फॅटची गोष्ट ऐकत. निम्म्यांचा विश्वास बसला नाही. एका दूध संस्थेच्या संचालकानं, निवडणूक जवळ असल्यामुळं, "आण्णा म्हणतात तर असंल," अशी भूमिका घेतली. मामांना खरी अडचण वेगळीच होती. ब्रिस्बेनच्या बाईचा नंबर त्यांनी घेऊन ठेवला होता. कोल्हापुरात पहाटे पाचला धारा काढून झाल्या की इथं साडेनऊ वाजलेले असतात आणि माझी मीटिंग चालू असते. त्याच वेळी त्यांचा आवाजी निरोप येतो. "पाव्हणं, बाईस्नी इचारा, आई मेलेल्या रेडकाला 0.6 ची भुकटी चालंल काय?" मी विचारतो. ती नाही म्हणते, पण कारणासकट म्हणते, आणि उलट विचारते, की म्हशीच्या चिकाचा खरवस करतात तो कसा. हे पत्रव्यवहार माझ्या ऑफिसच्या वेळात चालतात.

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा सण. गवळी गल्लीत, सागरमाळावर म्हशी सजवून आणतात. शिंगं रंगवलेली, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, पायांत तोडे; मालक पुंगळी काढलेल्या मोटरसायकलवर आणि त्याच्या मागं ती, हाकेसरशी, गर्दी फोडत धावत. त्याआधी अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात. कुणी नाव घालतं, कुणी फूल, कुणी मंडळाचं चिन्ह. मामांनी यंदा कारागिराला मोबाइलमधला फोटो दाखवला आणि म्हशीच्या पुठ्ठ्यावर कांगारू काढून घेतला.

आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. म्हैस झोकात आली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आण्णा, गनपतीचा उंदीर म्हशीवर कसा बसवलासा?" सगळा चौक हसला. मामांनी मोटरसायकल जागेवर थांबवली, म्हैसही थांबली.

"उंदराला कुटं एवडी मोटी शेपूट असती व्हय रं? आनि पिशवी बग की पोटाला!"

पोरगं वाकून बघायला लागलं. पिशवी नव्हती. कारागीर घाईत होता, त्याच्याकडं अजून बऱ्याच म्हशी रांगेत होत्या, आणि फोटोतला कांगारू नर निघाला. मामा उतरले, चष्मा पुसून त्यांनी स्वतः बघितलं, कातरलेल्या जागेवरून बोट फिरवलं. तिथं आता कातरायला केसच उरले नव्हते.

"वाडू द्यात केस," ते म्हणाले आणि पुन्हा किक मारली. "पुढच्या पाडव्याला पिशवीबी करून घिऊ. आनि आत पोरगं."